आषाढात कोणी घर सोडतं का?

३ जून, शनिवार

ओनर आंटीनं मला नोटीस लिहायला सांगितली. आम्हालाच घरातून काढायची नोटीस. मलाच!

कॉलेजातून येत होते तर वरच्या कठड्यावरून ओरडली, ‘सिंचू, कागद-पेन घेऊन वर ये गं.’ मला वाटलं, पाण्याच्या बिलाची तक्रार असेल. ती तर खुर्चीत पाय लांब करून बसलेली, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. म्हणाली, ‘डॉक्टरनं माझा जिना बंद केला. खालचं घर मला लागणार. नोटीस द्यावी लागते म्हणे. लिही.’

‘आंटी, मी लिहू? आमच्याच विरुद्ध?’

‘मग बाहेरचा वकील आणू? तो चुका करणार, वर ऐट दाखवणार. तू लॉ शिकतेस, इंग्लिश मीडियमची आहेस. आणि तुझ्या अप्पाला परक्याच्या हातची नोटीस जावी, हे बरं दिसतं का?’

म्हणजे काढतानासुद्धा आमचाच मान बघायचा! शेवटी ‘परीक्षा आहे’ अशी थाप मारून खाली आले.

वीस वर्षं आम्ही इथे आहोत. शहरातल्या श्रीरामपुरा भागातलं हे दोन मजली घर – खाली अप्पा, अम्मा, मी. वर तुंगम्मा आंटी एकटी. अंकल गेल्यापासून आमच्या भाड्यावरच तिचा महिना चालतो. अप्पांचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला, लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून चालतात. पुढच्या खोलीत दहावीच्या मुलांना गणित शिकवतात. वरच्या मजल्यावर अप्पा एकदाही गेलेले नाहीत. जाऊच शकत नाहीत.

आता तीही जाऊ शकत नाही.

४ जून

अप्पांना सांगितलं. हसले! ‘नीट लिही हं. माझ्या मुलीनं लिहिलेली नोटीस, स्पेलिंग चुकलं तर माझी अब्रू जाईल.’

अम्मा हसली नाही. हुळी-सांबाराची पातेली जरा जास्तच जोरात आपटली. ‘बाप-लेक दोघे शहाणे. रस्त्यावर बसून शहाणपण खा.’

मी नाही लिहिणार. कॉलेजात भाडेकरूंच्या बाजूनं भांडणारी मी! माझ्या बॅगवर बिल्ला आहे – ‘घर हा हक्क आहे’. लढणार! वीस वर्षं राहिलेल्या माणसाला असं उठवता येत नाही.

६ जून, मंगळवार

आज डिसोझा मॅडमनी जे शिकवलं, त्यानं माझी झोप उडाली आहे.

मी वर्गात हात वर करून विचारलं (नावं न घेता अर्थात) – मालकिणीला गुडघ्यामुळे खालचं घर हवं, भाडेकरूलाही पायामुळे खालचंच हवं, तर कोण जिंकतं? मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, ‘आपल्या भाडेकायद्यांत एक फार सुंदर कल्पना आहे. आधी बघायचं – मालकाची गरज खरी आहे की बहाणा? खरी असेल तर मग तराजू काढायचा. घर दिलं तर भाडेकरूचे हाल किती, नाही दिलं तर मालकाचे किती? ज्याचे हाल जास्त, त्याच्याकडे कोर्ट झुकतं.’

हाल तोलायचे! कोणाचा हक्क मोठा हे नाही, कोणाचं दुखणं मोठं हे! जाड्या पुस्तकांत, त्या रुक्ष भाषेत, कुणीतरी असा विचार करून ठेवलाय. मग लायब्ररीत बसले तर आणखी एक सापडलं – विधवा मालकिणीला स्वतःचं घर लवकर परत मिळावं म्हणून वेगळं कलम. म्हणजे कायदा तुंगम्मा आंटीला ओळखतो! आणि अप्पांनाही! दोघांनाही!

तराजूच्या एका पारड्यात अप्पांचा पाय ठेवला, दुसऱ्यात आंटीचे गुडघे. काटा हलेना.

९ जून, शुक्रवार

लिहिली नोटीस. अप्पाच म्हणाले, ‘तिचा हक्क आहे तो. तू नाही लिहिलीस तर ती बाई कुणाकडून तरी फसून येईल.’

आंटी सांगत होती, मी इंग्लिशमध्ये लिहीत होते. दोन वाक्यं झाली नाहीत तोच – ‘लिही, हे लोक फार चांगले आहेत. मास्तर आवाज चढवून कधी बोललेले नाहीत.’

‘आंटी, नोटिशीत असं लिहीत नाहीत.’

‘का? खोटं आहे?’

‘खोटं नाही, पण –’

‘मग लिही. आणि लिही, तुझी आई जलजम्मा सांडगे करते त्यातले अर्धे वर पाठवते.’

लिहिलं! जगातली ही पहिली नोटीस असेल ज्यात सांडगे आहेत.

मग तारीख आली. मी हिशेबानं महिन्याहून जास्त मुदत दिली – पंधरा जुलै. वाचून दाखवली तर आंटी ताडकन उठायला गेली आणि कळवळून परत बसली.

‘पंधरा जुलै? अगं वेडे, आषाढ आहे तो! आषाढात कोणी घर सोडतं का? नव्या घरात प्रवेशाचं दूध कुठल्या मुहूर्तावर उतू घालवणार तुझी आई?’

‘बरं, मग वीस जुलै.’

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या मांडीवर टाकलं. ‘वाच. येतं का कन्नड? की तेही इंग्लिश मीडियममध्ये वाहून गेलं? यंदा अधिक मास आहे. आषाढ संपला की अधिक. सगळं कॉलेज शिकलीस आणि पंचांग नाही शिकलीस!’

शेवटी ती स्वतः बोट फिरवत फिरवत ऑगस्टपर्यंत गेली. चोवीस ऑगस्ट, गुरुवार – आम्ही जायचं. शुक्रवारी नको, शुक्रवारी घरातून लक्ष्मी बाहेर काढत नाहीत. शुक्रवारी वरमहालक्ष्मीच्या सणाला तिनं खाली यायचं.

काढणारीनंच आम्हाला मुदत वाढवून दिली – कोर्ट नाही, स्टे नाही, नुसतं एक कॅलेंडर! मी जिना उतरताना हसत होते की रडत होते, मलाच कळलं नाही.

१४ जून

घरं बघून आले. तळमजल्यावर आता माणसं राहतच नाहीत. गाड्या राहतात. नवी बिल्डिंग म्हणजे खाली पार्किंग, माणसं वर. मिळालं एखादं तळमजल्यावरचं घर तर प्रश्न – ‘कोण लोक तुम्ही?’ ‘अंडं खाता?’ ‘पाय असा? बाथरूममध्ये पडले-बिडले तर आमच्या डोक्याला ताप.’

एक पेन्शनर काका होते, महालक्ष्मी लेआउटमध्ये. तळमजला रिकामा, पण दार अर्धंच उघडलं. मी बिल्ल्यावर हात ठेवून भांडायच्या तयारीतच. ते हळूच म्हणाले, ‘मागचा भाडेकरू सोडायला तयार नव्हता, केस चालली. त्या केसमध्येच बायको गेली माझी, याच घरात राहायचं म्हणत म्हणत. तू चांगली असशील गं बाळ. पण चांगुलपणा कागदावर कुठे लिहिता येतो?’

मला सांडगे आठवले.

बिल्ला बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकला. फेकला नाही. आत टाकला.

१९ जून, सोमवार

आषाढ लागला. दोन महिने कोणी कुणाला हलवू शकत नाही! अम्मानं आज किती दिवसांनी शांतपणे कॉफी घेतली.

२५ जून

आंटीचा मुलगा गुरू हुबळीहून फोनवर होता. आंटीला कमी ऐकू येतं, फोन स्पीकरवर, सगळी गल्ली ऐकते. ‘अव्वा, त्यांना एकदा बाहेर काढ. खाली पीजी करू. एका खोलीत चार-चार कॉट. सॉफ्टवेअरची पोरं किती देतात माहितेय?’

मॅडमनी सांगितलेलं तेच – गरज की बहाणा?

आंटी म्हणाली, ‘मी गुडघ्यासाठी घर मागितलं, तुझ्या कॉटसाठी नाही. तुझ्या कॉटवर मी झोपू का? चारातली एक?’ आणि फोन ठेवला.

मग मला हाक. ‘सिंचू, नोटिशीत अजून एक लिही. मी सोडून दुसरं कोणी खाली राहायला आलं, तर मास्तरांनी परत यायचं.’

मी सांगितलं, साधारण असंच कायद्यातही आहे आंटी. मालकानं स्वतःसाठी म्हणून घेतलं आणि दुसऱ्याला दिलं, तर भाडेकरू परत मागू शकतो.

‘आहे? कायद्यात?’ ती खूश झाली. ‘बघ! म्हणजे कायदा लिहिणारा कुणाच्या तरी घरात भाड्यानं राहिला असणार.’

२ जुलै

आंटी जिना कशी उतरते, ते आज पाहिलं. बसून. एकेक पायरी, हातावर भार देऊन, लहान बाळासारखी. मधेच थांबते, पदरानं तोंड पुसते, परत. भाजीवाला खाली उभा, ‘अम्मा, सावकाश’ म्हणतो आणि दुसरीकडे बघतो.

अप्पाही खिडकीतून बघत होते. मुलांना त्यांनी अर्धं गणित सांगितलं आणि पुढचं विसरले. अप्पा! गणित विसरले!

९ जुलै, रविवार

अम्मानं आज जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

भांडणातूनच निघालं. मी म्हटलं, तराजू समसमान आहे, दोघांचे हाल सारखे. अम्मा पीठ मळता मळता थांबली. ‘सारखे? तुला कुणी सांगितलं सारखे?’

आम्ही हे घर बघायला आलो तेव्हा मी वर्षाची. अम्माच्या कडेवर. त्याआधी कितीतरी दारं बंद झालेली – कुठे जिना, कुठे अप्पांचा पाय बघून ‘घर दिलं गेलं’. हे घर नुकतंच बांधून झालेलं. अंकल घड्याळाच्या कारखान्यात होते, सगळी मिळकत यात घातलेली. ठरलं होतं, आंटी-अंकल खाली राहणार आणि वरचं भाड्यानं देणार. ‘वरचं भाड्यानं’ अशीच पाटी होती. चुलीवर दूध ठेवलेलं, उतू जायचं बाकी. तेवढ्यात आम्ही फाटकात.

अप्पा म्हणाले, ‘पाटी वरच्या घराची आहे, माहितेय. पण माझा पाय असा. खालचं चालेल का?’

आंटीनं अप्पांकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. मग ते दूध चुलीवरून उतरवलं आणि अम्माच्या हातात दिलं. म्हणाली, ‘आधी दूध उतू घालवा. मग बोलू.’

आणि स्वतःची चूल उचलून वर गेली. त्याच दिवशी! जात नाही विचारली, काही नाही विचारलं.

मला वाटायचं, ती तिच्या जिन्यानं तिच्या घरी जाते. वीस वर्षं ती आमचा जिना चढत होती. आमच्या वाट्याचा!

हे कुठल्या पारड्यात टाकू? मॅडम, याला कलम आहे का?

१५ जुलै, शनिवार

हे मी जन्मभर विसरणार नाही.

कॉलेज अर्धा दिवस. फाटकातून आत आले तर जिन्यावर दोन माणसं. आंटी वरून बसत बसत उतरते आहे, आणि खालून, वरच्या पायऱ्यांकडे पाठ करून, एकेक पायरी बसत बसत वर चढताहेत – अप्पा! लोखंडी बूट काढून हातात धरलेला. घामानं निथळत होते. मधोमध दोघांची टक्कर!

आंटी – ‘मास्तर! कुठे चाललात?’

‘वर. तुमच्या घरात.’

‘कशाला?’

‘राहायला. तुम्ही खाली या, आम्ही वर जातो. रोज थोडं थोडं चढतोय, तुमची दुपारची झोप असते तेव्हा.’

‘आषाढात शिफ्टिंग करता?’

‘शिफ्टिंग नाही, प्रॅक्टिस.’

‘नाव हनुमंतय्या असलं म्हणून उडी मारायची का? उतरा खाली! पडलात तर माझ्या घराला पाप.’

‘आणि तुम्ही पडलात तर?’

‘माझा जिना, मी पडेन!’

अप्पांनी श्वास घेतला. फार हळू म्हणाले, ‘तुमचा कधी होता तो? आमचा होता. तुम्ही चढत होता.’

आंटीनं पदरानं तोंड पुसलं.

मग एकदम भडकली. ‘नोटीस रद्द! सिंचू, फाड ती!’

‘फाडायची नाही!’ अप्पा ओरडले. कधीही न ओरडणारे अप्पा. ‘नोटीस बरोबर आहे. आम्ही सोडणार.’

‘मी काढणार नाही!’

‘मी राहणार नाही!’

मालकीण भाडेकरूची बाजू लढते आहे आणि भाडेकरू मालकिणीची, आणि दोघांनाही ना वर जाता येतंय ना खाली! अम्मा कॉफी घेऊन आली. दोघांनी मधल्या पायरीवर बसून प्यायली, एकमेकांकडे न बघता.

मी खाली उभी राहून बघत होते. देवळातसुद्धा मला कधी असं झालेलं नाही.

१७ जुलै, सोमवार

दोघं बोलत नाहीत. सांडगे वर गेले, भरलेली ताटली तशीच परत आली.

२३ जुलै

मी मार्ग काढला! दोन दिवस बसून कागद तयार केला. खालचंच घर अर्धं-अर्धं. मागची खोली आणि न्हाणीघर आंटीला, पुढचं अप्पांना आणि ट्यूशनला, अम्मा आणि मी झोपायला वर. मालकीण अमुक देते, भाडेकरू तमुक घेतो, सगळं व्यवस्थित. डिसोझा मॅडमना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. ‘भाडेकरार म्हणावा तर तसा नाही. याला कायद्यात नाव नाही, सिंचना.’ मग हसल्या. ‘पण म्हणून चूक आहे असं नाही.’

मी उडत घरी आले.

अप्पा – ‘नको. मालकीण मागच्या खोलीत आणि आम्ही पुढे? उद्या गुरू येऊन तिलाच बोलेल, भाडेकरूंनी तुला कोपऱ्यात बसवली म्हणून.’

आंटी – ‘नको. आज लिहिशील मी देते, ते घेतात. म्हणजे माझे उपकार. मास्तर उपकाराखाली राहणार नाहीत, मला माहितेय. आणि मी फुकट त्यांच्या घरात शिरले, तर ते त्यांचे उपकार. तेही नको. कागद चांगला आहे, अक्षर छान आहे. ठेव.’

संपलं.

१० ऑगस्ट

अप्पांनी नेलमंगलाच्या बाजूला तळमजला ठरवला. लांब. ट्यूशनची मुलं येणार नाहीत तिथे. अप्पा म्हणतात, ‘गणित सगळीकडे सारखंच असतं.’

२१ ऑगस्ट, सोमवार

खोकी भरतेय. भिंतीवर माझ्या उंचीच्या खुणा आहेत, प्रत्येक वाढदिवसाच्या. अम्मा म्हणाली, जाताना चुना लावायचा, मालकाची भिंत स्वच्छ करून द्यायची असते. मी ब्रश घेऊन उभी राहिले तर आंटी खिडकीबाहेर. (बसत बसत उतरून आली होती!) ‘ती भिंत माझी आहे ना? मग हात लावायचा नाही.’

एवढंच म्हणाली आणि परत चढायला लागली. सगळ्या पायऱ्या. मी मदतीला गेले तर हात झटकला.

२४ ऑगस्ट, गुरुवार

टेम्पो आला आहे. आंटी आमच्या दारासमोरच्या शेवटच्या पायरीवर पाय पसरून बसली आहे, सामान जायची वाट अडवून. उठत नाही. टेम्पोवाला हॉर्न मारतोय. अप्पा म्हणतात, ‘तुंगम्मा, उठा.’ ती म्हणते, ‘गुडघे दुखतात, उठवत नाही. काय करू?’

२५ ऑगस्ट, शुक्रवार

टेम्पो रिकामा गेला.

सकाळी आंटीनं माझा तो अर्ध्या-अर्ध्या घराचा कागद मागितला. ‘नावं उलटी लिही.’

मला कळेना.

‘देणारा – हनुमंतय्या. घेणारी – तुंगम्मा. मागची खोली. भाडं मी देणार, दर महिन्याला, तुमच्या भाड्यातून वळतं करायचं नाही, हातात देणार. मागते आहे मी, तर मागणारीच्या जागी माझं नाव नको?’

‘आंटी, कायद्यात असं कुठेच –’

‘आषाढ होता कायद्यात?’

लिहिलं. मग ती न्हाऊन, काठाची साडी नेसून, दुधाचं भांडं दोन्ही हातांत धरून आमच्या दाराशी आली. स्वतःच्या घराच्या दाराशी. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

‘मास्तर, माझे गुडघे असे. चालेल का?’

अप्पा भिंत धरून उभे राहिले.

‘आधी दूध उतू घालवा,’ अप्पा म्हणाले. ‘मग बोलू.’